क्रिस्टलची शिडी नेमकी लावताना

हौशी रेडिओवाल्यांत रिसीव्हरच्या फिल्टरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: किती अरुंद? आकडा जितका लहान तितका सेट भारी, ही समजूत पक्की बसलेली आहे. कॅलिफोर्नियातल्या एलेक्राफ्ट कंपनीने 1999च्या सुमारास बाजारात आणलेला ‘के टू’ हा किट ही समजूत तपासून पाहायला फार सोयीचा आहे. वेन बर्डिक आणि एरिक स्वार्ट्झ यांचा हा सेट घेणाऱ्याने स्वतः सोल्डर करून उभा करायचा. ताकद दहा वॅटच्या आसपास, आणि मूळ रूपात तो फक्त मोर्ससाठी. आवाजासाठी वेगळा बोर्ड लागतो. त्याचा मोर्सचा फिल्टर साधारण 2000 हर्ट्झपासून 200 हर्ट्झपर्यंत हवा तसा आवळता येतो. तरी हा सेट चांगला की सुमार, हे फिल्टर किती आवळला यापेक्षा तो कुठे बसवला यावरच जास्त ठरतं, असं माझं मत आहे. आणि कमी ताकदीवर काम करणाऱ्याला ही गोष्ट सर्वांत आधी कळायला हवी.

आधी मालमसाला पाहू. के टूच्या पहिल्या फिल्टरमध्ये पाच क्रिस्टल एकापुढे एक जोडलेले असतात आणि त्यांच्या सांध्यांवर वॅरॅक्टर डायोड; वरच्या व्होल्टेजप्रमाणे डायोडची कपॅसिटन्स बदलते आणि शिडीची रुंदी कमीजास्त होते. क्रिस्टल 4.915 मेगाहर्ट्झच्या घरातले. हा आकडा रेडिओवाल्यांनी शोधलेला नाही. सिरियल पोर्टच्या 9600 या वेगाला 512 ने गुणलं की 49,15,200 येतात. म्हणजे संगणकाच्या सिरियल पोर्टला ठोका देण्यासाठी हे क्रिस्टल ढिगाने बनत होते, म्हणून स्वस्त. त्या कामाला दहा लाखांत तीस भागांची चूक सहज खपते. इथे मात्र तेवढ्या चुकीने क्रिस्टल सुमारे दीडशे हर्ट्झ इकडे किंवा तिकडे सरकतो, आणि दोनशे हर्ट्झच्या फिल्टरमध्ये एवढं सरकणं म्हणजे सगळाच खेळखंडोबा. म्हणून क्रिस्टल एकमेकांशी जुळवून निवडावे लागतात. तरीही शिडी आवळली की तिचा मध्य थोडा हलतो, दोन्ही बाजूंचे उतार सारखे राहत नाहीत, आणि अगदी अरुंद केल्यावर सिग्नलही काहीसा मंदावतो, कारण शिडीच्या दोन टोकांना लावलेला भार प्रत्येक रुंदीला सारखाच योग्य असू शकत नाही. नकाशावरचा फिल्टर आणि टेबलावरचा फिल्टर यांत हे अंतर राहणारच.

ते अंतर भरून काढतो बीएफओ, म्हणजे फिल्टरमधून आलेल्या सिग्नलचं ऐकू येणाऱ्या सुरात रूपांतर करणारा ऑसिलेटर. समजा, तुम्हाला 600 हर्ट्झचा सूर आवडतो. मग बीएफओ फिल्टरच्या मध्यापासून बरोबर 600 हर्ट्झ दूर हवा. तो 200 हर्ट्झने चुकला, तर फिल्टरची खिडकी 700 ते 900 मध्ये उघडते आणि तुमचा 600 चा सूर भिंतीवर आपटतो. मग माणूस काय करतो? डायल फिरवून सिग्नल खिडकीत आणतो, तो मोठा ऐकू आला की खूश होतो आणि उत्तर देतो. पण सेटच्या हिशेबात समोरच्याची फ्रिक्वेन्सी 600 च्या सुरावर असते. तुमचं उत्तर आता 200 हर्ट्झ बाजूला पडतं. समोरच्याने स्वतःचा फिल्टर आवळलेला असेल, तर तुम्ही त्याच्यापुरते हवेत नाहीच. शंभर वॅटवाला अशा वेळीही फिल्टरच्या उतारावरून कसाबसा कानावर पडतो. पाच वॅटवाला त्याच्याहून 13 डेसिबलने खाली असतो. त्याला ही चैन नाही.

के टूची खरी हुशारी इथे दिसते. त्याच्या पोटातच फ्रिक्वेन्सी काउंटर आहे. त्याचा प्रोब ठरावीक टेस्ट पॉइंटला लावायचा आणि मेनूतून बीएफओ सरकवत आकडा वाचायचा. महागडी उपकरणं लागत नाहीत. चार रुंदींसाठी चार वेगळ्या जागा नोंदवता येतात, शिवाय उलट्या बाजूने ऐकण्यासाठी आणखी चार. अँटेनाच्या जागी पांढरा गोंगाट सोडणारं छोटं सर्किट जोडून आवाज संगणकात नेला, की पडद्यावर फिल्टरची टेकडी उभी राहते आणि बीएफओबरोबर डावीउजवीकडे सरकताना दिसते. चारही टेकड्यांचे मध्य एकाच सुरावर आले की काम झालं. यावर जुने लोक म्हणतात, कान कशाला आहेत? आक्षेप अगदीच फोल नाही. टेकडीच्या माथ्यावरच्या बारीक लाटा पुसण्यात रात्री घालवणारे लोक आहेत, आणि त्या लाटा कानाला कधीच कळत नाहीत. पण नुसती सरसर ऐकून मध्य ठरवताना कान पन्नास-शंभर हर्ट्झने सहज फसतो. मध्य डोळ्यांनी ठरवावा, रुंदी कानाने.

रुंदीचंच बोलायचं तर हिशेब सांगतो की 2000 वरून 200 हर्ट्झवर आलं की गोंगाटाची ताकद दहावा भाग उरते, म्हणजे 10 डेसिबलचा फायदा. पण एवढा फायदा प्रत्यक्षात पदरात पडत नाही, कारण सरावलेला कान स्वतःच त्या सुराभोवती शंभरेक हर्ट्झचा फिल्टर लावून बसलेला असतो. वर अरुंद फिल्टर घंटेसारखा घुमतो. मिनिटाला 20 शब्दांच्या वेगाला मोर्सचं टिंब 60 मिलिसेकंदांचं असतं, वेग वाढला की त्याच्या कडा त्या घुमण्यात विरघळतात. मग अरुंद फिल्टर हवाच कशाला? शेजारच्या दांडग्या स्टेशनसाठी. ते खिडकीत शिरलं तर एजीसी, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी यंत्रणा, सगळ्या रिसीव्हरचा आवाज खाली ओढते, आणि तिथे कान काहीच दुरुस्त करू शकत नाही. तेवढ्यापुरता 200 हर्ट्झचा फिल्टर सोन्यासारखा. एरवी 400 किंवा 700 वर बसावं.

हे सगळं कारखान्यातच का करून देत नाहीत, असंही विचारलं जातं. थोडंफार करतातही, पण कुणाला 500 चा सूर हवा, कुणाला 700 चा. आणि तो बदलला की सगळ्या जागा पुन्हा मोजाव्या लागतात. आपल्याकडे हैदराबादच्या अशर फरहान यांच्या ‘बिटएक्स’ने हाच धडा आवाजाच्या सेटवर शिकवला. स्थानिक बाजारात मिळणाऱ्या स्वस्त भागांतून उभा राहणारा हा सेट येताना आणि जाताना एकच क्रिस्टल फिल्टर वापरतो. त्यामुळे तिथे बीएफओ चुकला तर समोरचा माणूस घुमल्यासारखा किंवा चिरका ऐकू येतोच, पण तुमचाही आवाज तसाच बाहेर पडतो, आणि तो हवेवरच्या सगळ्यांना ऐकावा लागतो.

आता सॉफ्टवेअरने फिल्टर हवा तिथे, हवा तेवढा ठेवता येतो, तेव्हा या शिडीची किंमत काय, हा शेवटचा आक्षेप. मोर्सची खिडकी ठरवण्यापुरता तो खरा आहे. पण त्याच कंपनीच्या 2007च्या के थ्रीमध्ये डिजिटल फिल्टरच्या पुढे क्रिस्टल फिल्टर ठेवलेलेच आहेत, कारण दांडगा शेजारी सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपपर्यंत पोचला तर पुढचं गणित कितीही चोख असलं तरी उपयोग नसतो. त्यातल्या पाच क्रिस्टलच्या फिल्टरवर मध्य किती हर्ट्झने हललेला आहे ते लिहून येतं, आणि तो आकडा सेटच्या मेनूत घालायचं काम मालकाकडेच राहतं.