सोलापूरच्या माणसाचा कारखाना आणि रॅलीची गाडी

आज एका मोटारीची गोष्ट ऐकू या. तिची सुरुवात आपल्या शेजारच्या सोलापुरातून होते.

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरचा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना होता. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून आपण जिला ओळखतो, ती पद्मिनी तिथलीच. १९८५ च्या सुमारास याच कंपनीने आणखी एक गाडी आणली, प्रीमियर ११८ एनई. तिचा सांगाडा इटलीच्या फियाट १२४ या गाडीवरून घेतलेला होता आणि इंजिन जपानच्या निस्सानचे, ११७१ सीसीचे.

दिसायला ही घरची चार दारांची गाडी, पण रॅलीवाल्यांनी ती उचलून धरली. रॅली म्हणजे सगळ्यांनी एकदम सुटायची शर्यत नव्हे. गाड्या एकामागून एक सुटतात. बंद केलेल्या कच्च्या, घाटाच्या रस्त्यावर प्रत्येकीचा वेळ मोजतात. सगळ्या टप्प्यांचा मिळून वेळ जिचा कमी, ती जिंकते. गाडीत दोघे असतात. एक चालवतो, दुसरा वहीतून पुढचे वळण वाचून सांगतो. १९८१ साली इटलीतली सॅनरेमो रॅली मिशेल मूटों आणि फॅब्रिझिया पॉन्स या दोघींनी जिंकली. जागतिक स्पर्धेतली रॅली जिंकणारी मूटों ही पहिली बाई.

अशा रस्त्याला ११८ एनई का चालली? ती वजनाला हलकी होती. इंजिन साधे होते, गावातल्या मिस्त्रीलाही कळेल असे. जोर मागच्या चाकांना मिळे, म्हणून मुरमाच्या वळणावर मागची बाजू सरकवत ती वळवता येई. इंजिनखाली जाड पत्रा आणि आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला, की घरची गाडी रॅलीची होई.

पण रॅलीत गाडी झिजते, आपटते. पुढे नव्या गाड्या आल्या, सुटे भाग मिळेनात आणि बहुतेक गाड्या भंगारात गेल्या. म्हणून आज चांगली ११८ एनई क्वचितच दिसते.

तुमच्या गावात एखाद्या लिंबाखाली अशी जुनी गाडी उभी असेल, तर विकायची घाई करू नका. आधी आरसी शोधा. त्यावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. भंगारात द्यायचीच ठरली, तर नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर गाडी गेली तरी कागदावर तुमच्याच घरच्यांच्या नावावर राहील.

भंगारवाला भाव सांगतो तो लोखंडाच्या किलोचा. जुन्या गाड्या जपणाऱ्याला एकदा विचारून बघा, तो गाडीचा भाव सांगेल.