फवारणीपूर्वी पान उलटून पाहा

ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी आम्हांला एक सवय लावली होती : पिकाविषयी मत देण्यापूर्वी पान उलटून पाहावे. त्या सवयीचे मोल मला पुढे आमच्याच उसाच्या फडात कळले. म्हणून पीकसंरक्षणाचा प्रश्न आज त्या एका उदाहरणावरून मांडतो.

२००२ च्या जुलैत सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आढळला आणि लवकरच तो आपल्या बेळगाव भागातही पसरला. बंगाल व ईशान्य भारतात हा कीटक पूर्वीपासून होता. आपल्याकडे तो नवा होता. पानाच्या खालच्या बाजूस, लोकरीसारख्या पांढऱ्या मेणाच्या आवरणाखाली राहून तो रस शोषतो. त्याच्या शरीरातून निघणारा गोड, चिकट स्राव खालच्या पानांवर पडतो. त्यावर काळी बुरशी वाढते व पानाला सूर्यप्रकाश मिळेनासा होतो. मग ऊस वाढत नाही आणि साखरही भरत नाही.

माझ्या थोरल्या बंधूंनी त्या वर्षी कर्ज काढून ऊस लावला होता. त्यांनी पंप पाठीला लावला. परंतु डोक्यावर गेलेल्या उसात कडेच्या चार सऱ्यांपलीकडे त्यांना शिरता येईना. काही आठवड्यांनी आम्ही पाने उलटून पाहिली. फवारलेल्या कडेला मावा पुन्हा माजला होता. मधल्या, औषधावाचून राहिलेल्या उसात मात्र माव्याच्या थव्यांतच काही अळ्या त्याचा फडशा पाडीत होत्या.

ती अळी डिफा नावाच्या पतंगाची. तिच्याच जोडीला मायक्रोमस हा भक्षक कीटक होता. पुढे ईशान्य भारतातून एन्कार्शिया ही माव्याच्या शरीरात अंडी घालणारी चिमुकली गांधीलमाशीही आणण्यात आली. हेक्टरी डिफाच्या १००० अळ्या किंवा मायक्रोमसच्या २५०० अळ्या सोडाव्यात, अशी शिफारस झाली. शेतकऱ्यांनी या मित्रकीटकांसह पानांचे तुकडे एका फडातून दुसऱ्या फडात नेले. काही हंगामांत माव्याचा जोर ओसरला. कीटकनाशकाने शत्रूबरोबर मित्रही मरतात. त्यातून वाचलेला शत्रू झपाट्याने वाढतो, मित्र मात्र मागून सावकाश येतो. कडेच्या सऱ्यांत घडले ते हेच.

थांबण्याचीही किंमत असते, हे मी लपवीत नाही. त्या वर्षी आमचे उत्पन्न घटले आणि बंधूंचे कर्ज पुढच्या हंगामावर गेले. संयमाचा उपदेश करणाऱ्याने हा हिशेब विसरू नये.

आज परिस्थिती पालटली आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने ड्रोनद्वारे फवारणीची कार्यपद्धती जाहीर केली. ज्या उंच उसात माणूस शिरू शकत नव्हता, त्यावर आता वरून औषध टाकता येते. पाठीवरचा पंप उतरला, विषाशी येणारा अंगाचा संपर्क घटला, हा मोठाच लाभ. परंतु त्या काळी आमच्या असमर्थतेने जे मित्र वाचले, ते यापुढे आमच्या विवेकानेच वाचवावे लागतील. ड्रोनला पानाची वरची बाजू दिसते. खालची बाजू आपणच पाहिली पाहिजे.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ऊस आहे. या रविवारी फडात जा, दहा ठिकाणची पाने उलटा, शत्रू आणि मित्र दोन्ही मोजा व वहीत नोंदवा. औषधाचा निर्णय त्यानंतर घरच्या वडीलधाऱ्यांसह करा. गुरुवर्यांचे याहून उचित स्मारक मला सुचत नाही.