पीटीच्या तासाची सूट

पीटीचा तास लागला की वर्ग मैदानाकडे पळतो आणि पायात कॅलिपर असलेली एखादी मुलगी कडेला पायरीवर बसून राहते. 'तू बस इथंच, बाटल्या सांभाळ सगळ्यांच्या,' असं सांगणाऱ्या सरांच्या मनात वाईट काही नसतं. पोरगी पडेल, तिला लागेल, घरचे विचारायला येतील, एवढीच त्यांची काळजी. पण आठवड्याचे दोन-तीन तास अशी सूट मिळत मिळत दहावी येते, तोवर खेळ आपल्यासाठी नाही हे त्या मुलीच्या मनात पक्कं बसलेलं असतं. दिव्यांग खेळाडूंना पाठबळ देण्याच्या गोष्टी आपण पदकापासून सुरू करतो. त्या या पायरीपासून सुरू व्हायला हव्यात.

पदकं मिळू लागली आहेत, यात शंका नाही. रिओच्या पॅरालिंपिकमध्ये भारताला 4 पदकं होती, टोकियोत 19 झाली, 2024 साली पॅरिसमध्ये 29. त्यातलं गोळाफेकीचं एक रौप्य सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याचं. करगणीच्या सचिन खिलारी यांनी एफ-46 गटात 16.32 मीटर गोळा फेकला, तो आशियाई विक्रम ठरला. शाळेत असताना सायकलवरून पडून त्यांचा डावा हात कायमचा अधू झाला होता. पॅरिसला गेले तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते. म्हणजे दुखापत आणि पदक यांच्यामध्ये दोन तपांहून अधिक काळ गेला. त्यातली सुरुवातीची कितीतरी वर्षं पॅरा खेळाच्या वाटेला लागण्यापूर्वीचीच. आपल्याकडचे बहुतेक पॅरा खेळाडू असे उशिरा, कुणीतरी योगायोगानं सांगितलं म्हणून मैदानात आलेले असतात.

इतिहासही हेच सांगतो. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण सांगलीच्याच मुरलीकांत पेटकर यांचं. 1972 साली हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल त्यांनी 37.33 सेकंदांत, विश्वविक्रमी वेळेत पार केली. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं बळ गेल्यावर हा मुळातला बॉक्सर उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरला. त्यांची जिद्द आता चित्रपटामुळे घराघरांत पोचली आहे. पण त्यांच्यामागे लष्करी रुग्णालय होतं, व्यायाम करून घेणारी माणसं होती, पोहायला तलाव होता, हेही तितकंच खरं. सुरगाण्याच्या किंवा किनवटच्या पाड्यावरच्या पोराकडे फक्त जिद्द असते.

अशा मुलाला मैदानावर आणायचं ठरवलं, तर पहिला प्रश्न येतो गटाचा. पॅरा खेळांत वर्गीकरण हा सगळ्याचा पाया आहे आणि पालकांची सगळ्यात जास्त गल्लत इथंच होते. शासनाचं चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र योजना आणि सवलतींसाठी असतं. खेळात टक्केवारी चालत नाही. तिथं वैद्यकीय जाणकार आणि त्या खेळातला तज्ज्ञ मिळून खेळाडूला तपासतात, स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल मोजतात, मग प्रत्यक्ष खेळताना बघतात आणि मगच गट ठरतो. धावण्याला टी, फेकीला एफ, पोहण्याला एस. अॅथलेटिक्समध्ये 11 ते 13 हे आकडे दृष्टिबाधितांचे, तिशीतले सेरेब्रल पाल्सीसारख्या स्थितींचे, पन्नाशीतले व्हीलचेअरवर किंवा बसून खेळणाऱ्यांचे. एकच मुलगा एका खेळात पात्र ठरू शकतो आणि दुसऱ्यात अपात्र. हे ऐन स्पर्धेत कळलं, तर वर्षांची मेहनत वाया जाते. म्हणून जिल्हा पातळीवरच हे जाणणारा एक तरी माणूस हवा.

गट मिळाला तरी त्या गटाची स्पर्धा असेलच असं नाही. मुंबईत वाढलेल्या मानसी जोशी 2019 साली बासेलला पॅरा बॅडमिंटनच्या एसएल-3 गटात विश्वविजेत्या झाल्या. टोकियोत बॅडमिंटन पॅरालिंपिकमध्ये पहिल्यांदाच आलं, पण महिला एकेरीत त्यांचा गटच नव्हता. जगज्जेती खेळाडू एकेरी खेळूच शकली नाही. तो गट पॅरिसला आला, त्यांच्या विश्वविजेतेपदानंतर पाच वर्षांनी. खेळाडूच्या ऐन उमेदीची पाच वर्षं म्हणजे काय, हे खेळणाऱ्यांना सांगायला नको.

आणि मग येतं साधनांचं. नांदेडच्या भाग्यश्री जाधव एफ-34 गटात बसून गोळा फेकतात. पॅरिसच्या उद्घाटनाला भारताचा ध्वज सुमित अंतिल यांच्याबरोबर त्यांच्या हाती होता. बसून फेकणाऱ्यांची खुर्ची म्हणजे जाड लोखंडी चौकट. गादीसकट बैठकीची उंची 75 सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, ती जमिनीला पक्की बांधावी लागते आणि खेळाडूलाही पट्ट्यांनी तिच्यावर आवळतात. फेकताना चौकट बोटभर हलली तरी अंगातला जोर वाया जातो. ही चौकट परदेशातून आणायची गरज नाही. मापं नीट दिली, तर तालुक्यातला चांगला वेल्डर ती करून देईल. मैदानात तिचे हूक अडकवायला जागा मात्र हवी, ती आपल्या क्रीडा संकुलांत क्वचितच असते.

काही खेळांत साधनापेक्षा माणूस लागतो. पूर्ण अंध जलतरणपटू काळा गॉगल लावून पोहतात. भिंत जवळ आली हे कळावं म्हणून काठावरचा मदतनीस मऊ टोकाच्या लांब काठीनं त्यांच्या डोक्याला किंवा खांद्याला स्पर्श करतो. क्षणभर आधी केला तर लय तुटते, उशीर झाला तर डोकं भिंतीवर आपटतं. हा स्पर्श दोघांनी महिनोन् महिने एकत्र सराव करून जमतो. तरी दौऱ्याच्या यादीतून खर्च वाचवायला पहिलं नाव अशाच माणसाचं कापायचा मोह होतो. विदर्भाच्या अंध जलतरणपटू कांचनमाला पांडे यांना 2017 साली बर्लिनच्या स्पर्धेत खर्चासाठी उसने पैसे घ्यावे लागले, त्याची बातमी देशभर गाजली. त्याच वर्षाअखेर मेक्सिकोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकलं.

पॅरिसच्या रौप्याला केंद्र सरकारनं 50 लाख रुपये दिले आणि ते योग्यच झालं. पण बक्षीस जिंकल्यावर मिळतं. त्याआधीची वर्षं बसच्या उंच पायऱ्यांवर, रॅम्प नसलेल्या प्रेक्षागृहात, व्हीलचेअर आत न जाणाऱ्या स्वच्छतागृहाच्या दारात अडकतात. 2015 साली गाझियाबादच्या राष्ट्रीय पॅरा अॅथलेटिक्स स्पर्धेत खेळाडूंची इतकी आबाळ झाली, की आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीनं भारताच्या पॅरालिंपिक समितीला निलंबित केलं. पुढच्याच वर्षी आलेल्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 30 नं खेळात सहभागाची सोय करणं ही सरकारची जबाबदारी ठरवली. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात दिव्यांगांची संख्या 29 लाखांवर होती. प्रत्येक तालुका संकुलात निदान एक रॅम्प, एक वापरता येण्याजोगं स्वच्छतागृह आणि फेकीच्या चौकटीसाठी चार हूक, ही मागणी मुळीच मोठी नाही.

पालकांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. कर्णबधिर मुलांसाठी पॅरालिंपिक नसतं, त्यांचं डेफलिंपिक्स वेगळं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी स्पेशल ऑलिंपिक्स आहे आणि तिथं कसलेल्या खेळाडूंइतकंच नवख्या मुलांनाही स्थान आहे. चुकीच्या दारात वर्ष घालवू नका. मुलाचं दिव्यांग ओळखपत्र काढलं नसेल तर काढून घ्या, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन पॅरा स्पर्धांची चौकशी करा, उत्तर मिळालं नाही तर पुन्हा जा. आणि पीटीच्या सरांना, बाईंना एवढंच सांगायचं आहे: उद्याच्या तासाला त्या मुलीच्या हातात पाण्याच्या बाटल्यांऐवजी चेंडू द्या.