एकरापुढचे टिंब

गेल्या उन्हाळ्यात द्वितीय वर्षाच्या वर्गातील एक विद्यार्थी इसारपावतीचा मसुदा घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या चुलत्यांना १ एकर २० गुंठे जमीन विकावयाची होती. दर एकरी २० लाख रुपये ठरला होता. मध्यस्थाने गणकयंत्रावर १.२० गुणिले २० असा हिशेब करून २४ लाखांचा आकडा कागदावर घातला होता. मध्यस्थ लबाड होता असे मला वाटत नाही. त्याने तो हिशेब दोन्ही पक्षांसमोर मोठ्याने वाचून दाखविला होता आणि कोणीही हरकत घेतली नव्हती. वस्तुतः २० गुंठे म्हणजे अर्धा एकर, आणि दीड एकराचे ३० लाख होतात. सहा लाख रुपये एका टिंबात गडप होत होते. "सर, आकडा कमी वाटतो, पण चूक कुठे आहे ते सांगता येत नाही," असे तो मुलगा म्हणाला. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मुलाला ते सांगता येऊ नये, याचा दोष त्याच्याकडे कितपत जातो हा प्रश्न आहे.

एकर आणि गुंठा यांमधले टिंब हे दशांशचिन्ह नव्हे. ते केवळ दोन मापांमधले कुंपण आहे. ४० गुंठ्यांचा एकर होतो, १०० गुंठ्यांचा नव्हे. म्हणून १.३९ नंतर १.४० येत नाही, २.०० येते. घोटाळा असा की ज्या सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आपण हे वाचतो त्यावर क्षेत्र आता हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांत असते, आणि तेथले टिंब मात्र खरोखरच दशांशाचे काम करते. १०० चौरस मीटरचा आर, १०० आरांचा हेक्टर, त्यामुळे २.४०.५० हे क्षेत्र २.४०५० हेक्टर असे सरळ वाचता येते. उतारा हेक्टरात आणि बोलणे एकरात, अशा दुहेरी व्यवहारात एकाच चिन्हाचे दोन अर्थ झाले आहेत.

ही चूक नेहमी उघडी पडत नाही, हे अधिक वाईट. ३ एकर ३० गुंठे तीन भावांत वाटावयाचे असतील, तर ३.३० ला तीनने भागून १.१० येते आणि ते बरोबरच असते. एवढ्यावर माणसाचा विश्वास बसतो. मग २ एकर २० गुंठे चौघांत वाटताना ०.५५ असे उत्तर येते, आणि कोणी ते ५५ गुंठे म्हणून लिहू लागला की प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा एकराहून अधिक जमीन येऊ लागते! खरा वाटा २५ गुंठ्यांचा. यातून सुटण्याची रीत अगदी साधी आहे. एकरांना ४० ने गुणून सर्व क्षेत्र प्रथम गुंठ्यांत आणावे, हिशेब गुंठ्यांत करावा आणि शेवटी ४० ने भागून पुन्हा एकर करावेत. जुने तलाठी हेच करीत.

हा ४० चा आकडा आला कोठून? इंग्लंडमध्ये एकर म्हणजे ढोबळमानाने बैलजोड्यांच्या एका नांगराने दिवसभरात नांगरून होणारी जमीन. पुढे ती २२० यार्ड लांब आणि २२ यार्ड रुंद अशी पक्की झाली, म्हणजे ४,८४० चौरस यार्ड अथवा ४३,५६० चौरस फूट. एडमंड गुंटर या गणितज्ञाने १६२० मध्ये ६६ फुटांची, १०० कड्यांची साखळी सुचविली. तिच्या चौरसाच्या दहापट म्हणजे एकर. अडाणी वाटणाऱ्या ब्रिटिश मापांना दशांशात बसविण्याची ती मोठी हुशार युक्ती होती. आपल्याकडे मात्र मोजणीला ३३ फुटी, १६ आण्यांची साखळी आली. तिचा चौरस, म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा आपला गुंठा. साखळी निम्मी झाल्याने चौरस चौथाई झाला, दहाचे चाळीस झाले आणि गुंटरसाहेबाचा दशांश हरवला. त्यापूर्वी आपल्याकडे काठी, पांड आणि बिघा चालत. २० पांडांचा बिघा. पण हा बिघा गावागणिक बदले. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू केलेल्या पाहणीच्या पद्धतीने मुंबई इलाख्यात एकर आणि गुंठा स्थिरावले, आणि सारा निश्चित झाला हे नाकारता येत नाही. नाण्यातला आणा १९५७ च्या दशमान नाणेपद्धतीने गेला. गुंठ्यातला आणा, सुमारे ६८ चौरस फुटांचा, जमिनीच्या बोलीत अद्याप ऐकू येतो.

वर्गात आढळणारी दुसरी चूक शहरी आहे. मीटरचे ३.२८ फूट होतात हे सर्वांना पाठ असते, म्हणून १०० चौरस मीटरचे ३२८ चौरस फूट असे उत्तर सर्रास मिळते. खरे उत्तर १,०७६. लांबीचे गुणोत्तर क्षेत्रफळात वर्गाने वाढते: यार्डाचे तीन फूट, पण चौरस यार्डाचे नऊ चौरस फूट. फळ्यावर एक चौरस काढून त्यात नऊ घरे पाडली की हे पटते, पण तेवढा वेळ कोणी देत नाही.

तिसरी चूक सरकारी कागदांतूनच रूढ झाली आहे. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आणि आर १०० चा. दोन्ही इतके जवळ, की गुंठा म्हणजेच आर असे धरून चालण्याची सवय पडते. त्या सवयीने ५ एकरांचे, म्हणजे २०० गुंठ्यांचे, बरोबर २ हेक्टर होतात. २००८ च्या कृषी कर्जमाफी योजनेत २ हेक्टरपर्यंतचा शेतकरी अल्पभूधारक ठरवून त्याला पूर्ण माफी दिली, आणि त्यापुढे कंसात '५ एकर' असे लिहिले. त्याहून अधिक जमीन असलेल्यास उरलेली रक्कम भरल्यास २५ टक्के सवलत होती. परंतु ५ एकर म्हणजे २.०२३४ हेक्टर. फरक सुमारे अडीच हजार चौरस फुटांचा. नेमके पाच एकर बाळगणारा शेतकरी कंसाबाहेरच्या आकड्याने मोठा ठरतो आणि कंसातल्या आकड्याने लहान. कोरडवाहू विदर्भात ही मर्यादाच अन्यायकारक आहे, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो रास्त होता. पण मर्यादा कोणतीही ठेविली, तरी तिचे दोन आकडे एकमेकांशी जुळावयास हवेत.

एकर-गुंठा हद्दपार करावा असे मला म्हणावयाचे नाही. राज्याच्या विधिमंडळाने २००१ मध्ये केलेल्या कायद्याच्या नावातच 'गुंठेवारी' हा शब्द आहे. जे माप कायद्याच्या नावात जाऊन बसले आहे, ते परिपत्रकाने जाणार नाही. मागणी एवढीच, की प्रत्येक उताऱ्यावर हेक्टर-आरांखाली तेच क्षेत्र एकर-गुंठ्यांत, टिंब न देता, अक्षरी छापावे. धनादेशावर रक्कम अक्षरी लिहिण्याची शिस्त आपण पाळतोच. आणि सातवीच्या गणितात काल्पनिक बागेऐवजी गावच्याच एखाद्या गटाचा नकाशा यावा.

त्या विद्यार्थ्याच्या चुलत्यांनी मसुदा फाडून नवा लिहिला. क्षेत्राच्या रकान्यात 'साठ गुंठे' आणि दराच्या रकान्यात 'गुंठ्यास पन्नास हजार' असे लिहिल्यावर, शेजारी बसलेल्या खरेदीदाराने तोंडीच हिशेब केला आणि तीस लाख म्हणून मान हलविली.