अर्धपोटी बहर

कुंडीबाहेर लोंबणाऱ्या ऑर्किडच्या मुळावर चमचाभर पाणी सोडून पाहा. चांदीसारखं पांढुरकं मूळ बघता बघता हिरवं होतं. गंमत म्हणजे, ही किमया करणारा थर मेलेला असतो! मुळाभोवती मृत, पोकळ पेशींचं आवरण असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरड्या पेशींत हवा भरलेली असते, म्हणून मूळ पांढरं दिसतं. पाणी पडलं की हा थर टीपकागदासारखं ते शोषतो, पारदर्शक होतो आणि आतलं हरितद्रव्य दिसू लागतं.

इतकी तयारी कशासाठी? ऑर्किडच्या २५ हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य झाडांच्या फांद्यांवर राहतात. उन्हाळा सरता सरता सह्याद्रीत सीतेची वेणी फुलते, तेव्हा पुष्कळ जण तिला बांडगूळ समजतात. बांडगूळ यजमानाच्या अंगात मुळं खुपसून रस ओढतं. ऑर्किड नुसती बसायला जागा घेतं. वाट्याला येतं ते पानांवरून ओघळणारं पावसाचं पाणी, त्यात विरघळलेली धूळ, पक्ष्यांची विष्ठा, सालीच्या खाचेत कुजलेला पाचोळा. तेवढ्यावर त्याचा संसार चालतो.

म्हणूनच हौसेनं आणलेलं ऑर्किड उपासमारीपेक्षा लाडानं जास्त मरतं. मातीत लावलं तर मुळांचा श्वास कोंडतो आणि ती कुजतात. त्याला हवा खेळेल अशी जागा लागते : लोणारी कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणं. सोडणं पाणी धरून ठेवतात, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात ती कमीच बरी. पाणी कधी घालायचं, हे मूळच सांगतं. हिरवं असेल तर थांबा, चंदेरी झालं की घाला.

खताचंही तेच. नवे कोंब वाढत असताना पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, एवढं पुरे. अधूनमधून नुसत्या पाण्यानं कुंडी भरपूर धुऊन काढायची, नाहीतर कोळशावर क्षारांची पांढरी पुटं चढतात आणि मुळांची टोकं करपतात.

या काटकसरीची कमाल बियांत दिसते. एकेका बोंडात लाखो बिया असू शकतात, धुळीसारख्या बारीक. पण बियांत अन्नाचा साठा जवळपास नसतोच! निसर्गात एखादी बुरशी बीमध्ये शिरते आणि कोवळं रोप तिच्यातूनच अन्न मिळवतं. हे नातं फ्रान्सच्या नोएल बर्नारनं १८९९ मध्ये उलगडलं. त्याआधी माळ्यांनी संकर करून पाहिले होतेच. इंग्लंडमध्ये एक्सेटरच्या व्हीच नर्सरीत जॉन डॉमिनीनं घडवलेलं कॅलँथीचं संकरित झाड १८५६ मध्ये फुललं. पण पेरलेल्या बियांतल्या बहुतेक वाया जात. मग १९२२ मध्ये अमेरिकेच्या लुईस नुडसननं दाखवून दिलं, की साखर घातलेल्या अगारवर बुरशीशिवायही बी रुजतं. संकरांचा खरा पूर आला तो त्यानंतर.

आज नोंदलेल्या संकरांची संख्या लाखाच्या पुढे आहे. ही नोंदवही लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ठेवते. त्यात तीन-तीन, चार-चार प्रजातींचं रक्त एकत्र आलेली झाडं आहेत. वनस्पतींच्या जगात असं सहसा जमत नाही. ऑर्किडमध्ये जमतं, कारण जंगलात या सोयऱ्यांना वेगळं ठेवतात ते बरेचदा परागण करणारे कीटक. एका फुलाकडे मधमाशी जाते, दुसऱ्याकडे पतंग. माणसानं काडीनं परागपुंज उचलून नेला, की ती भिंत पडते.

तेव्हा ऑर्किड घेताना फुलाइतकीच कुंडीतली नावाची पट्टीही बघा. तिच्यावर संकराचं नाव असलं, तर नोंदवहीत त्याचे आईबाप सापडतात आणि आईबापांवरून त्याची सवय कळते. ज्याचे पूर्वज थंड डोंगरातले, ते सिम्बिडियम सिक्कीमच्या गार हवेत फुलांनी लगडेल आणि मुंबईत नुसती पानं काढत बसेल. उष्ण प्रदेशातल्या डेंड्रोबियमचे संकर मात्र कोकण-गोव्याच्या दमट उकाड्यात खुशीत राहतात. शेजाऱ्याच्या गॅलरीत काय फुललंय, यापेक्षा आपल्या गॅलरीतली हवा कोणाला मानवेल, ते पाहून निवड करा. मग सांभाळायचं ते एवढंच : थोडं द्यायचं आणि पुढचं पाणी घालायची घाई करायची नाही.