काळ्या दगडातलं लोखंड

आपल्या होटगी जंक्शनच्या रुळांखालची खडी तुम्ही रोज बघता. घरचा पाटा-वरवंटा, आजीचं जातं, बांधावरचे धोंडे, सगळा तोच काळा दगड. त्याचं नाव बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वर आला, थरावर थर पसरले आणि थंड होऊन हा दगड झाला. इथून गदगच्या गाडीत बसलात तर विजापूरपर्यंत काळाच दगड दिसेल. पुढे बदामीला मात्र डोंगर तांबडे, तो वाळूचा दगड.

हा दगड काळा आणि जड का? ताजा फुटलेला तुकडा उन्हात धरून भिंगातून पाहा. कण जरा मोठे असले तर पांढुरक्या काड्या दिसतात, ते फेल्स्पार. मधले काळे, चकाकणारे कण म्हणजे ऑजाइट नावाचे खनिज. लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि सिलिका मिळून ते बनते. ते पाण्याच्या सव्वातीन पट तरी जड असते आणि फुटते ते जवळजवळ काटकोनात. चाकूने त्यावर सहसा ओरखडा उठत नाही. लाव्हा लवकर थंड झाला, म्हणून कण बारीक राहिले.

आमची एक फजिती सांगतो. ओढ्याच्या वाळूत लोहचुंबक फिरवला तर काळी पूड चिकटली. आम्ही ओरडलो, "ऑजाइट सापडलं!" गुरुजी हसले. ती पूड मॅग्नेटाइटची. तेही याच दगडातून सुटते, पण ऑजाइट साध्या चुंबकाला चिकटत नाही. १०० किलो बेसाल्टमध्ये ९-१० किलो लोखंड असते खरे, पण ऑजाइटमधले लोखंड सिलिकाशी घट्ट बांधलेले. ते काढणे परवडत नाही. म्हणून लोखंडाची खाण गडचिरोलीत सुरजागडला आहे, होटगीत नाही.

मग हे लोखंड दिसते कुठे? विहिरीत! हवा-पाणी लागून ऑजाइट कुजते, त्यातले लोखंड गंजते आणि मुरूम पिवळा-तांबडा होतो. आपल्याकडे विहिरीचे पाणी बहुतेक या मुरमात आणि दगडाच्या फटींतच असते. खाली अखंड काळा दगड लागला की घरात सगळे गप्प होतात, हे विहीर खोदलेल्या घरी विचारा. अशा वेळी फटींच्या कडा नीट बघाव्यात. तिथे तांबडा डाग असेल, तर त्या फटीतून कधीतरी पाणी फिरलेले आहे. आज असेलच असे नाही.