वगाची वही आणि पटकथेचा हक्क

पुणे-नाशिक मार्गावरील नारायणगाव हे तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे नामांकित फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. जुन्नर, आंबेगाव आणि आसपासच्या तालुक्यांतील गावकारभारी आपल्या यात्रेसाठी फड ठरविण्यास तेथे येतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर व विठाबाई नारायणगावकर यांच्या कलेने या गावाचे नाव महाराष्ट्रभर पोचले. विठाबाईंच्या नावाने राज्य शासन तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार देते.

राहुटीत सुपारी ठरते, तारीख ठरते. परंतु जो वग रात्रभर रंगणार आहे तो कोणाच्या लेखणीचा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वगाचे कथानक जोपर्यंत फडापुरते होते तोपर्यंत याचे फारसे बिघडत नव्हते. आता तेच कथानक चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका किंवा लघुपट यांच्या रूपाने दूरवर जाऊ शकते. अशा वेळी मूळ लेखकाच्या पदरी काय पडते, हे कायद्याच्या माहितीवर अवलंबून राहते.

कल्पना आणि मांडणी

लेखनहक्काचे संरक्षण स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ या कायद्याने मिळते. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. या कायद्याचा गाभा असा, की हक्क कल्पनेवर नसतो, तिच्या मांडणीवर असतो. सावकाराने नाडलेल्या शेतकऱ्याची गोष्ट कोणीही लिहू शकतो. मात्र त्या गोष्टीतील पात्रे, प्रसंगांची गुंफण व संवाद हे एका लेखकाचे असतील, तर त्यांची उचल करता येत नाही.

या विषयावरील पायाभूत निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात दिला. आनंद यांचे ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक १९५४ मध्ये रंगभूमीवर आले. १९५६ मध्ये ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. दोहोंत प्रांतभेदाच्या भावनेवर टीका होती, आणि चित्रपट काढण्यापूर्वी दिग्दर्शकाने लेखकाकडून नाटक ऐकलेही होते. तरीही न्यायालयाने लेखकाचा दावा मान्य केला नाही. विषय एक असला तरी मांडणी वेगळी होती, आणि चित्रपटात हुंड्यासारखे अन्य प्रश्नही होते. दोन्ही कृती पाहणाऱ्या सामान्य प्रेक्षकाला एक ही दुसरीची नक्कल आहे असे निःसंशय वाटते काय, ही कसोटी या निकालाने घालून दिली.

विश्वासाचे बंधन

कल्पनेला स्वामित्वहक्क नसेल, तर निर्मात्याला कथा ऐकविणारा लेखक निराधार ठरतो काय? तसे नाही. येथे गोपनीयतेचे तत्त्व उपयोगी पडते. विश्वासाने सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या संमतीवाचून वापरू नये, हे ते तत्त्व होय. त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: माहिती खरोखर गोपनीय व वेगळी होती, ती विश्वास ठेवून दिली होती, आणि तिचा परवानगीवाचून वापर झाला.

मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या खटल्यात हे तत्त्व लागू केले. लेखक संघटनेकडे नोंदविलेली मालिकेची संकल्पना वाहिनीपुढे विश्वासाने मांडली गेली होती. पुढे वाहिनीने तशीच मालिका सुरू केली, तेव्हा न्यायालयाने मनाई हुकूम कायम ठेवला.

याची दुसरी बाजू ‘झोंबिवली’ या मराठी चित्रपटाच्या वादात दिसून आली. आपण दिलेल्या कथासारावरून हा चित्रपट बेतला, अशी एका लेखकाची तक्रार होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चित्रपट रोखण्यास नकार दिला. मेलेली माणसे उठून शहरात धुमाकूळ घालतात, ही कल्पना कोणा एकाची मालमत्ता होऊ शकत नाही. आपली म्हणून जी माहिती गोपनीय आहे, ती नेमकी कोणती हे दावेदाराने स्पष्ट दाखविले पाहिजे, असा या निर्णयाचा आशय आहे. चित्रपट २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. तोंडी व मोघम कथेपेक्षा तपशीलवार लिहिलेली संहिता लेखकाला अधिक आधार देते, हे या दोन निर्णयांवरून ध्यानात येते.

वग आणि बतावणी

तमाशाच्या दृष्टीने कायद्यातील एक अट विशेष महत्त्वाची आहे. नाट्यकृती म्हणून संरक्षण मिळण्यासाठी तिचे रूप लिहून किंवा अन्य रीतीने निश्चित झालेले असावे लागते. गण, गवळण, बतावणी व वग या क्रमातील बराचसा भाग फडाच्या स्मरणात असतो. सोंगाड्याची हजरजबाबी बतावणी तर रोज नवी होते. जे वहीत उतरले नाही किंवा ध्वनिचित्रमुद्रित झाले नाही, त्यावर पुढे हक्क सांगणे अवघड जाते. मात्र १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताला प्रयोगावरील स्वतंत्र हक्क दिला आहे. त्याच्या संमतीवाचून प्रयोगाचे मुद्रण करणे हे सामान्यतः त्या हक्काचे उल्लंघन ठरते.

लेखक फडाच्या नोकरीत असेल आणि करारात वेगळे ठरले नसेल, तर पहिला मालक फडमालक ठरतो. स्वतंत्र लेखकाने लिहिलेला वग मात्र लेखकाचाच राहतो. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी व स्वाक्षरीचा करार आवश्यक आहे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, चित्रपटगृहाबाहेरील वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनातील लेखकाचा समान वाटा त्याला सोडून देता येत नाही.

हा हक्क लेखकाच्या हयातीत व निधनानंतर ६० वर्षे राहतो. पठ्ठे बापूराव यांचे निधन १९४५ मध्ये झाले; त्यांच्या रचना आता सर्वांसाठी खुल्या आहेत. अण्णा भाऊ साठे यांचे निधन १९६९ मध्ये झाले; त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे.

शाळा व ग्रामपंचायतींसाठी

विद्यार्थी व शिक्षकांनी शाळेच्या कामकाजाचा भाग म्हणून, केवळ विद्यार्थी, कर्मचारी व पालक यांच्यापुढे केलेल्या नाट्यप्रयोगास परवानगीची आवश्यकता नसते. हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता अथवा धार्मिक संस्थेच्या साहाय्यार्थ केलेला प्रयोगही या सवलतीत येतो. तिकीट लावून केलेल्या व्यावसायिक प्रयोगास मात्र ही सूट नाही. यात्रा समितीने एखाद्या प्रयोगाचे चित्रीकरण योजले, तर फडाची लेखी संमती आधी घ्यावी.

नोंदणी आणि दाद

स्वामित्वहक्क निर्मितीबरोबरच उत्पन्न होतो. नोंदणी सक्तीची नाही. तरीही वाद उद्भवल्यास नोंदणी पुराव्याच्या कामी येते. दिल्लीतील स्वामित्वहक्क कार्यालयात वाङ्मयीन व नाट्यकृतींसाठी ५०० रुपये शुल्क आहे. आक्षेपांसाठी किमान ३० दिवस थांबावे लागते. मुंबईतील पटकथालेखकांच्या संघटनेकडेही सभासदांना संहिता नोंदविता येते.

कथा ऐकविण्यास जाताना सोबत पत्र द्यावे, त्यात ही संहिता केवळ विचारार्थ व विश्वासाने दिली आहे असे नमूद करावे, पोच घ्यावी आणि भेटीची तारीख लिहून ठेवावी. हक्कभंग झाल्यास दिवाणी दावा लेखक राहतो त्या भागातील जिल्हा न्यायालयात लावण्याची तरतूद आहे; त्यामुळे जुन्नर-आंबेगावच्या लेखकाला सामान्यतः पुण्यात दाद मागता येते. जाणूनबुजून केलेला हक्कभंग हा फौजदारी गुन्हाही आहे. त्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे.

मराठी लोकनाट्याचा मोठा ठेवा आजही जुन्या वह्यांत आणि वृद्ध कलावंतांच्या स्मरणात आहे. गावातील शिक्षकाने एखाद्या वगलेखकाला संहिता स्वच्छ लिहून काढण्यास मदत केली, तिच्यावर लेखकाचे नाव व तारीख घातली आणि ग्रामपंचायतीने नोंदणीचा अर्ज भरण्यास हातभार लावला, तर हा ठेवा टिकेल आणि त्याचे मोलही योग्य हाती जाईल.